घुबड वाचलं तर नळाला पाणी येतं का?

१. दोन रास्त प्रश्न

‘खाडीकाठच्या जमिनीवर भराव पडला, गोदाम उभं राहिलं, की गावातल्या पोरांना काम मिळतं आणि जमीनवाल्याला दरमहा भाडं मिळतं. तिवराच्या चिखलातून काय मिळतं?’ भिवंडी तालुक्यात काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात हा प्रश्न कुणीही विचारेल. विचारणारा निसर्गाचा वैरी नसतो. त्याला घर चालवायचं असतं.

दुसरा प्रश्न याच्या पुढचा आहे. ‘तानसाच्या जंगलात एक दुर्मीळ घुबड आहे म्हणतात. ते असलं काय किंवा नसलं काय, माझ्या नळाचं पाणी कमी होणार आहे का?’

दोन्ही प्रश्नांना आपण सहसा एकच उत्तर देऊन मोकळे होतो: निसर्ग वाचला तर माणूस वाचेल. हे उत्तर खोटं नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या आहेत. पहिली म्हणजे जीवांचं वैविध्य: किती जाती आहेत, कोणत्या आहेत, त्या टिकतील का. दुसरी म्हणजे जंगल, खाडी, शेत, नदी यांच्याकडून माणसाला मिळणारे लाभ. काही ठिकाणी या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात, काही ठिकाणी नाही. कुठे जुळतात आणि कुठे सुटतात हे कळलं नाही, तर आपण भलत्या कारणासाठी भलती जागा वाचवत बसतो आणि खरी जागा हातची जाते.

हे समजून घ्यायला भिवंडीसारखी जागा शोधून सापडायची नाही. दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आहे. शहराला लागून कामवारी वाहते. उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या काठाने तानसा नदी जाते. मध्ये भाताची खाचरं आहेत आणि त्यांच्या जागी वाढत चाललेली गोदामं. तानसा नदीच्या काठाने वर शहापूर-वाड्याकडे गेलं, की तानसा अभयारण्य लागतं.

२. निसर्ग आपल्यासाठी काय करतो

संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जगभरच्या हजाराहून अधिक तज्ज्ञांनी मिळून २००५ मध्ये पृथ्वीवरच्या परिसंस्थांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. परिसंस्था म्हणजे एका जागेतले सगळे जीव, तिथली माती, पाणी, हवा आणि त्यांचे आपसातले व्यवहार. परिसंस्थांकडून मिळणाऱ्या लाभांची त्या आढाव्यात चार गटांत विभागणी केली होती.

पहिला गट सरळ हातात येणाऱ्या वस्तूंचा. पावसाच्या तोंडावर भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ घशाला खाजतं, म्हणून त्यासोबत काकडाची आंबट फळं विकत घ्यावी लागतात. शेवळ जमिनीतल्या कंदातून उगवतं आणि काकड झाडाला लागतं. जंगलात दोन्ही शिल्लक असतील तरच ती भाजी ताटात येते. खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, बोईट, कोळंबी याच गटातल्या.

दुसरा गट नियमनाचा: पूर आवरणं, पाणी गाळणं, हवा थंड ठेवणं, रोगराईला आळा घालणं. तिसरा गट पायाभूत कामांचा, म्हणजे माती तयार होणं आणि पालापाचोळा कुजून पुन्हा खत होणं. ही कामं थांबली तर आधीचे दोन्ही गट कोसळतात. चौथा गट मनाच्या आणि संस्कृतीच्या गरजांचा. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. आजही माणसं तिथे देवीच्या दर्शनाला आणि तानसाकाठच्या गरम कुंडांत स्नानाला येतात. नदी मेली तर देऊळ उभं राहील, पण यात्रेतलं बरंच काही जाईल.

पहिल्या गटाला बाजारभाव असतो. बाकीच्या तिन्हींना बहुधा नसतो, आणि सगळा घोटाळा इथून सुरू होतो. भाजीची किंमत कळते. पूर आला नाही याचं बिल मात्र कुणी पाठवत नाही.

३. एका छपराचा हिशोब

ते बिल आपणच करून पाहू. एक लाख चौरस फुटांचं गोदाम घ्या. भिवंडीत एवढी गोदामं पुष्कळ आहेत. त्याचं छप्पर सुमारे ९,२९० चौरस मीटर भरतं. पावसाळ्यातल्या एखाद्या जोराच्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावर ९ लाख २९ हजार लिटर पाणी पडेल. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे ९३ टँकर झाले. पत्र्यावर पाणी मुरत नाही. ते सगळं काही मिनिटांत पागोळ्यांतून गटारात आणि गटारातून कामवारीत किंवा खाडीत निघतं.

आता तेवढ्याच जागेवर भाताचं खाचर होतं असं समजा. १०० मिलिमीटर म्हणजे १० सेंटिमीटर. खाचरातल्या पाण्याच्या वर बांध दहा सेंटिमीटर मोकळा असेल, तर ते ९३ टँकर पाणी तिथेच थांबेल आणि हळूहळू झिरपेल, वर उडून जाईल किंवा खालच्या खाचरात उतरेल. एका गोदामाने पूर येत नाही. शेकडो गोदामांचं पाणी एकाच तासात खाली येतं, आणि नेमकी त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती असली की ते पाणी घेणारं कुणी उरत नाही. मग कामवारी वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वरचा हिशोब त्या आकड्याने केला तर एका छपरावरचे ८७० हून अधिक टँकर होतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाणी अडवण्याचं हे काम करायला खाचराला शंभर जातींची गरज नव्हती. एकाच वाणाचं भात असलं तरी बांध पाणी अडवतोच. म्हणजे लाभ मोठा आणि वैविध्य बेताचं, असंही असू शकतं.

४. तिवर: थोड्या जाती, मोठं काम

खाडीतही हेच दिसतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनाच्या झाडांच्या वीसेक जाती आहेत. ठाणे आणि उल्हासच्या खाड्यांत मात्र बहुतांश जागा एकट्या तिवराने व्यापलेली आहे. केरळ-कर्नाटकाकडच्या सदाहरित जंगलाशी तुलना केली तर झाडांच्या बाबतीत ही खाडी गरीबच.

पण काम पाहा. तिवराची श्वसनमुळं चिखलातून सुळ्यांसारखी वर येतात. भरतीचं पाणी त्यांच्यात अडखळतं आणि गाळ खाली बसतो. काठ धरून राहतो. गळालेली पानं खेकडे कुरतडतात, बुरशी आणि जीवाणू ती कुजवतात, त्यावर कोळंबीची पिल्लं वाढतात आणि पिल्लांवर जिताड्यासारखे मासे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांचा अभ्यास झाला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जिथे रुंद होता, तिथे माणसं कमी मेली होती.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लाभाच्या भाषेतच देता येतं आणि ते भक्कम आहे. तिवराच्या चिखलातून कोळ्याची मासळी आणि काठाचं रक्षण मिळतं, आणि पुराच्या पाण्याला पसरायला जागा मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन आणि १७ सप्टेंबर २०१८ ला अंतिम निकाल देऊन राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली. राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्षही काढला. ही मनाई दुर्मीळ झाडासाठी झालेली नाही. तिवर दुर्मीळ नाहीच. ती झाली तिवराच्या कामासाठी.

५. रानपिंगळा: जात दुर्मीळ, काम छोटं

आता दुसरा प्रश्न. रानपिंगळा हे छोटं घुबड. इतर घुबडांसारखं ते रात्रीचंच नाही, दिवसाही वावरतं. शास्त्राला त्याची ओळख १८७३ मध्ये झाली. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा मिळेना आणि ते नामशेष झालं असंच पक्षीशास्त्रज्ञ धरून चालले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, नंदुरबारमधल्या शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा दिसलं. २०१४ मध्ये ते तानसा अभयारण्यातही असल्याची नोंद झाली. तिथे ते असेल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

तानसा धरण १८९२ मध्ये पुरं झालं आणि भोवतालचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं. तीनशे चौरस किलोमीटरहून थोडं मोठं हे जंगल मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावांच्या पाणलोटात आहे. सात तलावांतून मुंबई रोज जवळपास ४०० कोटी लिटर पाणी घेते. त्यात सगळ्यात मोठा वाटा भातसाचा, आणि ते पाणी भिवंडी तालुक्यातल्या पिसे इथे उचलून पांजरापूरला शुद्ध होतं.

जंगल पाणी तयार करत नाही, हे इथे स्पष्ट करायला हवं. झाडं पाणी पितातही. जंगल दोन कामं करतं: धो धो पडणारं पाणी जमिनीत मुरवून सावकाश सोडतं आणि माती धरून ठेवतं. डोंगर उघडा पडला तर पहिल्या पावसाचा गाळ थेट तलावात येतो. तलाव उथळ होतो, आणि पाणी शुद्ध करायचा खर्च वाढतो.

या कामात रानपिंगळ्याचा वाटा किती? जवळजवळ शून्य. तो सरडे, उंदीर, किडे खातो, पण इतर पिंगळे आणि शिकारी पक्षीही तेच खातात. उद्या तानसातून रानपिंगळा गेला, तर मुंबईच्या नळाला एक थेंबही कमी येणार नाही. दुर्मीळ जातीची संख्याच इतकी कमी असते, की परिसंस्थेच्या रोजच्या कामात तिचा भार सहसा नगण्य असतो. हे मान्य करायला संवर्धनाच्या माणसांनी कचरू नये, असं मला वाटतं. ‘प्रत्येक जीव उपयोगी असतो’ असं सांगत राहिलं, तर ज्या दिवशी एखादा जीव उपयोगी नाही असं सिद्ध होईल, त्या दिवशी त्याला वाचवायचं कारणही आपल्या हातातून निसटेल.

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्याने त्याच्याकडून पाण्याचा हिशोब मागितलेला नाही. जगात तो फक्त मध्य आणि पश्चिम भारतात उरला आहे. इथून गेला तर पृथ्वीवरून गेला. त्याला वाचवायला एवढं कारण पुरेसं आहे. दुसरं कारण चिकटवलं तर हे दुबळं होतं.

तरी एक नातं उरतंच. तानसाचं जंगल पाण्यामुळे टिकलं आणि त्याच्या आडोशाला रानपिंगळा टिकला. लाभासाठी राखलेल्या जागेत वैविध्य फुकटात वाचलं. हे सगळीकडे होईल याची खात्री नाही, पण जिथे होतं ती जागा आधी सांभाळावी.

६. मग इतक्या जाती हव्यात कशाला?

लाभ द्यायला थोड्या जाती पुरतात असं दिसतंय, तर बाकीच्यांचं काय? याचं उत्तर एका दिवसाच्या हिशोबात सापडत नाही. त्यासाठी बरी-वाईट वर्षं मोजावी लागतात.

भिवंडीच्या यंत्रमागावर बीमवरचे हजारो उभे धागे एकाच वेळी चालतात. त्यातला एखादा तुटला तरी माग धावत राहतो आणि कापड निघत राहतं. लांबून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, फक्त कापडात बारीक रेघ पडते. आणखी धागे तुटत गेले की रेघांच्या पट्ट्या होतात, शेजारचे धागे गुंततात, आणि मग माग थांबवावाच लागतो. किती धागे तुटल्यावर थांबेल, हे आधी सांगता येत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या सीडर क्रीक इथे डेव्हिड टिल्मन आणि सहकाऱ्यांनी गवताच्या वाफ्यांवर हेच मोजलं. १९८८ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. कमी जातींच्या वाफ्यांतलं उत्पादन जास्त घसरलं आणि सावरायलाही जास्त वेळ लागला. पुढे त्यांनी एक, दोन, चार, आठ, सोळा जाती लावून वाफे तयार केले. पहिल्या काही जातींनी उत्पादन भराभर वाढलं आणि नंतरच्या प्रत्येक जातीने थोडं थोडं. चांगल्या वर्षात थोड्या जाती बरंचसं काम उरकतात. बाकीच्यांची गरज वाईट वर्षात कळते.

भाताचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं आहे. १९७० च्या सुमारास आशियातल्या नव्या बुटक्या वाणांवर विषाणूजन्य खुजेपणाचा रोग पसरला. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला तोंड देणारा एकच सापडला: ओरायझा निवारा हा रानभात, आणि तोही उत्तर प्रदेशात गोळा केलेला. पाणथळ जागी आपोआप उगवणारं ते एक गवत. त्याच्याशी संकर करून आलेला आयआर-३६ हा वाण १९७६ पासून आशियाभर पिकला. तो नमुना गोळा करण्याआधीच त्या दलदलीवर भराव पडला असता तर? आज निरुपयोगी वाटणाऱ्या जातीत उद्याची गरज दडलेली असू शकते. कोणत्या जातीत, हे आधी कळत नाही.

गिधाडांच्या बाबतीत तर धागा तुटल्याचं कळायलाच उशीर झाला. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेली गुरं खाणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत पंधरा वर्षांत हजारांतलं एखादंच उरलं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर मढी कुजत पडू लागली होती आणि भटकी कुत्री वाढली होती. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी दरवर्षी सुमारे एक लाख जादा माणसं मेली, असा अंदाज एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. गिधाड आधी दुर्मीळ नव्हतं, हे विसरू नये. इतका मोठा फटका बसला तो नेहमीच्या, भरपूर असलेल्या पक्ष्याच्या जाण्याने. दुर्मीळ जातींवर लक्ष हवंच, पण चिमणी-कावळ्यांची मोजदादही सोडू नये.

७. हिरवं दिसतं तेवढं सारखं नसतं

नुसता लाभ मोजला की एक चूक हमखास होते. कार्बन शोषायचा असेल तर भरभर वाढणारं कोणतंही झाड चालतं. म्हणून उघड्या टेकडीवर गिरिपुष्पाची एकसुरी लागवड होते, आणि कागदावर ती तोडलेल्या जंगलाची भरपाई ठरते. तिच्यात शेवळाचा कंद नाही, काकड नाही, मोह नाही. कार्बनच्या रकान्यात दोन्ही हिरवळी सारख्या दिसतात. शेवळ विकणाऱ्या बाईच्या टोपलीत त्या सारख्या नसतात.

उलटी चूकही होते. ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे वाढले म्हणून आपण खाडी निरोगी धरतो. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत ती आली, हे चांगलंच झालं. पण रोहित ज्या शेवाळावर जगतो, त्याला सांडपाण्यातली पोषकद्रव्यं मानवतात. तेच सांडपाणी मासळीला मानवत नाही. एका जातीची भरभराट साऱ्या खाडीचं प्रमाणपत्र ठरत नाही. खाडी कशी आहे हे कोळ्याच्या जाळ्याला विचारावं.

८. लाभ कुणाचा, झीज कुणाची

आतापर्यंत मी ‘आपल्याला लाभ’ म्हणत आलो. ‘आपण’ म्हणजे कोण, हे विचारायलाच हवं. तानसा, भातसा, वैतरणा यांचं पाणी मुंबईला जातं. ज्या शहापूर तालुक्यातून ते जातं, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जंगल राखण्याचे निर्बंध ठाकूर, वारली, कातकरी, महादेव कोळी यांनी पाळायचे आणि लाभ शंभर किलोमीटरवर पोचायचा, ही मांडणी मला अन्यायाची वाटते. ती फार काळ टिकणारीही नाही. ज्याला जंगलातून काहीच मिळत नाही, त्याने ते का राखावं?

न्यूयॉर्क शहरापुढे १९९० च्या दशकात हाच प्रश्न आला. कॅट्सकिलच्या डोंगरांतून येणारं पाणी गाळायला नवा प्रकल्प उभारायचा, तर सहा ते आठ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज होता. शहराने १९९७ मध्ये डोंगरातल्या गावांशी करार केला. शेतकऱ्यांना गोठ्याचं पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून पैसे दिले, गावांची सांडपाण्याची व्यवस्था सुधारली आणि मालक तयार असतील तिथल्या जमिनी विकत घेतल्या. प्रकल्पापेक्षा हा खर्च कितीतरी कमी पडला. तिथे वैविध्य हा हेतू नव्हता, स्वच्छ पाणी हा होता. पण डोंगर राखले गेले, आणि राखणाऱ्यांना मोबदला मिळाला.

आपल्याकडे एक साधन कायद्यानेच दिलं आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकांना विचारून जैवविविधता नोंदवही करावी लागते. ती नीट भरली, तर शेवळ कोणत्या टेकडीवर येतं, निवट्या कोणत्या खाजणात मिळतात, कोणत्या खाचरात पाणी थांबतं, हे सगळं गावाच्या दप्तरात लेखी राहतं. बाहेरच्या एजन्सीने आठ दिवसांत भरलेल्या नोंदवहीत हे येत नाही. ते जाळं टाकणाऱ्याला आणि शेवळ खुडणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही. भरावाची परवानगी मागणारा अर्ज आला, की त्या जागेचं पान उघडून आधी वाचायचं, आणि मग सही करायची की नाही ते ग्रामसभेत ठरवायचं.